माझं विसण मीच घालणार

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या न्हाणीत शॉवर बसला. गरम-गार एकाच नळात मिसळतं.

मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "नवरा गेल्यावर कसली गं ही थेरं? बादली पुरते की!"

मी धुण्याच्या टबात उभं राहून, धार बारीक ठेवून अंघोळ केली. टबातलं पाणी त्यांच्यासमोर बादलीत ओतलं. बादली अर्धीच भरली.

"व्हय, पर लोकं काय म्हणतील?" जाऊबाई म्हणाल्या.

हे होते तेव्हा हात बुडवून बघत माझ्या कढत पाण्यात गार पाण्याचं विसण घालायचे. ते गेल्यापासून कढत की गार, मला कळतच नव्हतं. आज नळ फिरवता फिरवता माझं मलाच कळलं.

बादली काठोकाठ भरली असती, तरी शॉवर काढला नसता. तुमच्याकडे विधवेच्या अंघोळीचं पाणी कोण मोजतं?