आभारातली एक ओळ

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या सरांचे. घरात कॉलेज कुणी पाहिलेलं नव्हतं. सर स्वतः मला एसटीने प्रवेशाला घेऊन गेले आणि वसतिगृह मिळेपर्यंत त्यांनी मला आपल्या बहिणीकडे ठेवलं.

आता मी रियाधमधल्या एका संशोधन संस्थेत ताऱ्यांच्या दरम्यान पसरलेल्या धुळीचा अभ्यास करतो. तप्त ताऱ्याचे अतिनील किरण शेजारच्या ढगावर पडले की कडेचे बारीक कण फुटतात. आत खोलवर ते टिकून राहतात. आमचे इथले वरिष्ठ, मूळचे पुण्याचे, सबंध ढगाची सरासरी काढत, त्यात हा फरकच पुसला जाई. मी ताऱ्याकडच्या कडेपासून आत पट्ट्या पाडून मोजलं, तेव्हा तो दिसला. लेख झाला. पहिलं नाव माझं, म्हणून नियतकालिकाकडे पाठवायचाही मीच.

शेवटी आभारात मी सरांसाठी एक ओळ घातली. वरिष्ठांनी ती खोडली.

"अहो, ही काय लग्नपत्रिका आहे? उद्या मामा-मावशीही घालाल."

"सरांमुळेच मी शिकलो."

"मग शाल-नारळ द्या त्यांना. इथे शाळामास्तर शोभत नाहीत."

आभारात संचालक मात्र होते. त्यांनी लेख उघडूनही पाहिला नव्हता. "मग संचालकांचंही नाव काढू या," मी म्हणालो.

वरिष्ठ हसले. "इकामा संपतोय ना तुमचा? सही त्यांचीच लागते. खलास."

इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, गेला तर बायको-मुलीसह अल मलाझमधलं घर आवरून निघावं लागणार. हे ठाऊक असल्यामुळेच ते इतक्या निवांत बोलले. त्या निवांतपणाची मला चीड आली, अजून येते. काहीच न केलेल्याचे आभार मानणं ही रीत, आणि ज्याने मला उभं केलं त्याचे मानले तर तो गावंढळपणा.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "घाला ओळ. पुढचं बघू." तशी ती घालून, वरिष्ठांना कळवून, मी लेख पाठवला. मग सरांना लिहिलं:

"तीर्थस्वरूप सर, साष्टांग नमस्कार. लेख गेला. आभारात तुमचं पूर्ण नाव आहे, शाळेचंही. वरिष्ठ माझ्याशी बोलत नाहीत, आणि इकाम्यावर सही झालेली नाही. कदाचित आम्ही परत येऊ. नोकरी पणाला लावायची काय गरज होती, असं म्हणून तुम्ही रागवाल. रागवा. पण ती ओळ काढा असं तुम्हीही मला सांगू नका."