न सांगता जायचं नाही

सलूनवाल्याची जीभ त्याच्या कात्रीपेक्षा जास्त चाले. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की तो सुरू होई, आणि समोरच्याला ‘हं’पलीकडे काही बोलायची सोय नसे, गळ्याशी वस्तरा असताना वाद कोण घालणार? अशा माणसाला एकच मुलगी झाली, आणि ती जन्मापासून बहिरी. “माझ्या बडबडीतून एक तरी सुटली,” असं तो स्वतःच म्हणे. हे हसत म्हणायला त्याला बरीच वर्षं लागली होती.

शाळा सुटली की ती दुकानातल्या उंच स्टुलावर ठाण मांडून बसे, म्हणून गिऱ्हाइकं तिला मालकीणबाई म्हणत. बापलेकीच्या गप्पा आरशातून चालत. त्याचे हात कामात असले तर भुवया आणि ओठ, मोकळे झाले की हात. दाढी करून घेता घेता तोंड उघडं टाकून पेंगणाऱ्या गिऱ्हाइकाची ती अशी हुबेहूब नक्कल करी, की वस्तरा लांब धरून त्याला हसू गिळावं लागे. काम संपलं की तो गिऱ्हाइकाच्या खांद्यावर बोटांनी टपटप करी. म्हणजे झालं, उठा. मालकीणबाईंनी हेही उचललं होतं. पोट भरलं की त्या आईच्या खांद्यावर टपटप करून पानावरून उठत.

रागावली की मात्र ती डोळे गच्च मिटून घेई. मग तुम्ही कपाळ बडवून घ्या, बोलणं संपलं.

घरात एक नियम होता: तिला न सांगता कुठे जायचं नाही. आपल्याला पावलं ऐकू येतात, दार ऐकू येतं. तिने मान वळवली की मागचं माणूस गायबच. एकदा तो ब्लेड आणायला शेजारच्या दुकानात गेला नि परत येतो तो पोरगी रस्त्यावर, रडून लाल झालेली. तेव्हापासून तो न्हाणीघरात जातानाही सांगून जाई.

पोहायला जायचं तिनेच ठरवलं, मैत्रीण जाते म्हणून. शिकवणाऱ्या बाई समजूतदार होत्या. शिट्टी बाजूला ठेवून त्या सगळ्या वर्गाला हातांनीच सांगू लागल्या. पाय मारणं, श्वास धरणं, सगळ्यात मालकीणबाई पुढे. घोडं अडलं ते पाठीवर तरंगण्यापाशी. पाठीवर आडवं झालं की छप्पर दिसतं, बाकी काही नाही. इतर मुलांना बाईंचा आवाज तरी येई. हिच्यासाठी सगळं जग निघून जाई. मग ती माणसं शोधायला मान वर करी, कंबर खाली जाई, नाकातोंडात पाणी. जो तरंगेल तोच खोल बाजूला जाणार, आणि मैत्रीण कधीच तिकडे गेली होती. एका संध्याकाळी तिने आरशातून बापाला सांगितलं, मी उद्यापासून जाणार नाही. आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तोच तलावावर निघाला.

“अहो, तुम्ही बादलीलासुद्धा घाबरता,” बायको म्हणाली.

“मान धरायला पोहता कशाला यायला हवं? दिवसभर तेच तर करतो.”

बाईंनी परवानगी दिली, पण रबरी टोपी घालायच्या अटीवर. त्याच्या केसांचा झोकदार कोंबडा टोपीत कोंबलेला पाहून लेक हसली, तिथेच अर्धं काम झालं. छातीभर पाण्यात तो जीव मुठीत धरून उभा राहिला. ताठ मानेची गिऱ्हाइकं त्याला रोजची. दोन्ही तळवे तिच्या डोक्याखाली, अंगठे कानांमागे, आणि घाई करायची नाही. वर तिला त्याचा उलटा चेहरा दिसत होता. तो ओठांनी बोलत राहिला, दुकानातल्या चहाड्या, कोणाचं टक्कल, कोणाचा कलप. हळूहळू मान सैल पडली. डोक्याचा सगळा भार तळव्यांत आला. आणि तिने डोळे मिटले.

हा राग नव्हता. त्याला कळलं.

“सोडा आता,” बाई म्हणाल्या.

“डोळे मिटलेत तिने. सांगू कसं?”

“न सांगताच सोडायचं. सगळ्यांना तसंच सोडतो आम्ही.”

“आमच्याकडे तसं चालत नाही हो.”

तो तसाच उभा राहिला. थंडीने दात वाजत होते, दंड भरून आले होते. धरून ठेवली तर ती या उथळ बाजूलाच राहणार. न सांगता सोडली तर पुन्हा कधी असं डोकं टाकणार नाही. आयुष्यभर बोलत आलेल्या माणसाला एवढी एक गोष्ट सांगता येत नव्हती, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

तेवढ्यात पाण्यातून एक ओला हात वर आला. चाचपत त्याने बापाचं मनगट शोधलं आणि त्यावर बोटांनी टपटप केलं.

त्याने हात काढून घेतले. डोळे मिटलेलेच ठेवून ती तरंगत राहिली, हळूहळू त्याच्यापासून लांब जाऊ लागली. न सांगता गेली नव्हती. तो पाण्यात तसाच उभा राहिला, तळवे अजून तिच्या डोक्याएवढे उघडे धरून.