दोन इंच तीन सूत

आमच्या कळस गावी वाटणी झाली तेव्हा आईनं स्वतःपुरता निकाल स्वतःच दिला. दिवस माझ्याकडं, रात्र धाकट्याकडं. दोन्ही घरांच्या मध्ये आम्ही भावांनी मिळून सिमेंटची वाट केली होती. त्या वाटेनं ती वॉकर टेकत सकाळी येते, दिवेलागणीला जाते.

गेल्या उन्हाळ्यात वाटेचा मधला तुकडा वर आला. खाली गुलमोहराचं मूळ. मी पट्टी लावली, उंची एक इंच पाच सूत; आठ सुतांचा एक इंच. दिवाळीत पुन्हा लावली, दोन इंच तीन सूत. त्याच आठवड्यात वॉकरचे पुढचे पाय तिथं अडले. आई झाडाला धरून कशीबशी उभी राहिली.

तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना. बारामतीला कामावर असलो की संध्याकाळी फोन करायचो, पोचली का म्हणून. भाऊ म्हणाला, तिनं आता त्याच्याकडंच कायम राहावं. माझी बायको म्हणाली, आपल्याकडंच. चूक कुणाचीच नव्हती, पण एका घरात बसली की दुसऱ्या घरी ती पाहुणी होणार, एवढं मला दिसत होतं.

मूळ तोडायचं ठरलं. मूळ माझ्या हद्दीत, खोड भावाच्या. तोडण्याआधी मी दोरीचा ओळंबा सोडून पाहिला. झाड त्याच्या घराकडं चांगलंच कललेलं होतं आणि नेमकं हेच मूळ त्याला मागं ओढून धरत होतं. भावाला सांगितलं तर तो हसला.

"तोड की दादा. झाड माझ्याच पत्र्यावर येणार हाय, तुला काय?"

चेष्टाच होती. पण वाटणीनंतर असली चेष्टा नुसती चेष्टा राहत नाही. मी कुऱ्हाड खाली ठेवली.

आई झाडाखाली खुर्चीवर बसली होती. म्हणाली, "सुतं मोजत बसा दोघं. मला शिमिट कुणी मागितलं हुतं?"

दुसऱ्या दिवशी मुळावरचं सिमेंट फोडलं. भावानं ट्रॉलीभर मुरूम आणला. मुळाच्या दोन्ही अंगांना उतार देऊन आम्ही तो चोपून बसवला. वॉकर सरळ गेला. झाड राहिलं, आईचं येणं-जाणंही राहिलं.

पण मुरूम सिमेंटसारखा गप्प बसत नाही. पावसानं वाहतो, पायांनी सरकतो, मूळ पुन्हा उघडं पडतं. म्हणून झाडाजवळ मुरमाचा ढीग कायम ठेवलाय आणि पट्टी माझ्या खिशात असते. काल संध्याकाळी बारामतीहून आलो आणि आधी वाटेकडं गेलो. भाऊ मुरूम टाकून गेला होता. उतार छान केलेला, पण फक्त त्याच्या बाजूचा. माझ्या बाजूला मूळ तसंच वर.

मागं वॉकर वाजला. आई माझ्या दारातून निघाली होती. मी घमेलं उचललं आणि ढिगाकडं धावलो.