लिंबाजीमामांची चिकटपट्टी

लिंबाजीमामा सकाळी कार्यालयात आले की आधी माझ्या टेबलावरून एक बोट फिरवायचे आणि ते बोट डोळ्यांसमोर धरून बघायचे. टेबल त्यांनीच आदल्या संध्याकाळी पुसलेलं असायचं. तरी बोटावर काहीतरी यायचंच. "धुळीला सुट्टी न्हाई, ताई," असं म्हणून ते खांद्यावरचं फडकं काढायचे. टेंभुर्णीच्या आमच्या शाळेत ते एकोणतीस वर्षं शिपाई होते आणि मी चार वर्षांपूर्वी लिपिक म्हणून रुजू झाले. शाळा काय असते हे मला त्यांनी शिकवलं, मुख्याध्यापकांनी नाही.

शाळेला लागून शेतं. सोयाबीनची मळणी सुरू झाली की भुसा खिडकीतून थेट हजेरीपटावर येऊन बसतो. मामांनी त्यावर स्वतःचा इलाज काढला होता. खाकी चिकटपट्टीचा एक रोल कायम खिशात. जे भोक वापरात नाही ते बंद. स्विचबोर्डाचं रिकामं सॉकेट, खिडकीच्या चौकटीतलं खिळ्याचं भोक, कपाटाचं मोडकं कुलूप, सगळीकडे मामांची पट्टी. "जिथं काम न्हाई तिथं पट्टी," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. आम्ही त्यावरून त्यांची खूप थट्टा करायचो. एकदा चित्रकलेचे सर स्टाफरूममध्ये तोंड उघडं टाकून झोपले होते, तेव्हा मी म्हणाले, "मामा, तिथेही लावा." मामा गंभीरपणे म्हणाले, "न्हाई, त्यांना चार वाजता तास हाय. त्या तोंडाला काम हाय अजून."

आमच्या कार्यालयात एकच कॉम्प्युटर. कुठल्याशा कंपनीने वापरून झाल्यावर शाळेला दिलेला. मळणीच्या दिवसांत तो गिरणीसारखा घरघरायला लागला आणि गरम होऊन आपोआप बंद पडू लागला. तेव्हाच दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे होते आणि शेवटच्या तारखेला चारच दिवस उरले होते. मीच म्हणाले, "मामा, जरा आतून साफ करून देता का?" वायरी मी काढल्या. मामांनी तो डबा व्हरांड्यात नेला, रंगाच्या नव्या ब्रशने आतलं झाडलं, सायकलच्या पंपाने हवा मारली. पंख्यात अडकलेला भुसा त्यांनी मला ओंजळीत आणून दाखवला. वायरी परत मीच लावल्या. घाईत होते, मागे वाकून हाताला येईल तिथे लावत गेले.

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच. थोड्या वेळाने त्यावर 'नो सिग्नल' अशी पाटी आली आणि तीही विझली.

जाफराबादच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "रॅम काढा, खोडरबरानं घासा, परत बसवा." मी घासली. मामांनी घासली. तीनदा घासली. पडदा काळाच. तेवढ्यात मुख्याध्यापक आले.

"कोणी उघडला हा?"

माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत मामा म्हणाले, "म्या साफ केला, सर."

"झाडायचं काम तुमचं, लिंबाजी. डोकं लावायचं नाही." सर हे सगळ्या शिक्षकांसमोर बोलले. मग माझ्याकडे वळले, "खुलासा घ्या यांचा."

मामांच्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते. एकोणतीस वर्षांत त्यांच्या फाईलला असा एकही कागद नव्हता. कॉम्प्युटर बंद, म्हणून खुलासा मी हातानेच लिहिला: 'कार्यालयीन संगणक साफ करताना माझ्या हातून नादुरुस्त झाला, याबद्दल मी दिलगीर आहे.' मामांनी प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवत तो वाचला. "बराबर लिव्हलंय, ताई," म्हणाले आणि सही केली. खरं सांगते, तेव्हा मलाही वाटत होतं की बिघाड त्यांच्याच हातून झालाय.

पुढचे दोन दिवस मी गच्च भरलेल्या जीपमधून जाफराबादला जाऊन तिथल्या नेट कॅफेत फॉर्म भरले. तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने डबा उघडलासुद्धा नाही. मागे वाकला, मॉनिटरची वायर वरून काढून खालच्या जागी लावली. पडदा उजळला. "म्याडम, याला पडद्यासाठी वेगळं कार्ड बसवलंय. वायर खालीच लावायची, वरचं बंद हाय. तुम्ही वर लावल्ती," असं म्हणून तो हसला आणि गेला.

त्या वरच्या भोकावर आधी एक पट्टी होती. तेव्हा मला आठवलं. वायरी लावताना ती खाकी पट्टी मीच ओरबाडून काढली होती, मामांचं वेड म्हणून.

मी सरांना एवढंच सांगितलं, "झाला चालू." आज सांगू, उद्या सांगू, असं करत सहा महिने गेले. रोजची पत्रं, रोजची माहिती, रोजची तातडी, या सगळ्याचा शीण इतका असतो की स्वतःची लाज वाटायलाही वेळ मिळत नाही, अशी मी माझी समजूत घातली. मामा मात्र त्या दिवसापासून कॉम्प्युटरला शिवले नाहीत. भोवतालचं टेबल पुसायचे. मधे कॉम्प्युटरपुरती धूळ तशीच असायची.

निरोप समारंभात सर भाषणात म्हणाले, "आमच्या लिंबाजींनी एकदा कॉम्प्युटरसुद्धा झाडून काढला!" सगळे हसले. मामाही हसले. सूत्रसंचालन मी करत होते, माईक माझ्याच हातात होता. मी पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं.

संध्याकाळी मामा किल्ल्या द्यायला आले. किल्ल्यांबरोबर त्यांनी चिकटपट्टीचा रोल टेबलावर ठेवला. "ताई, त्या डब्याचं मागचं वरचं भोक उघडं राह्यलंय. पट्टी लावा."

"मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"मेकॅनिक येऊन गेल्ता ना, मंग झाडताना दिसलं. वायर जुन्या जागी, अन् वरची पट्टी न्हाई. पट्टी म्या लावल्ती, म्या काढली न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

"मला सहा महिनेच राह्यले व्हते. तुम्हाला अजून लई वर्षं बसायचंय या खुर्चीवर." एवढं बोलून ते हसनाबादला लेकीकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. ते सह्या करत होते. "जुनं झालं ते, राहू द्या," म्हणाले आणि पुढचा कागद ओढला. मग मी माझा खुलासा लिहिला. संगणक बिघडलाच नव्हता, वायर चुकीच्या जागी मी लावली होती, लिंबाजी यांचा दोष नाही. मामांच्या फाईलमध्ये त्यांच्या खुलाशावर तो लावला. ती फाईल आता कोणी उघडणार नाही, हे मलाही कळतं.

मामांना फोन करून तो खुलासा अख्खा वाचून दाखवला. वाचताना मला रडू आलं.

"बरं लिव्हलंय," मामा म्हणाले. "पट्टी लावली का?"

रोल ड्रॉवरमध्ये तसाच पडला होता. मी फोन ठेवला, रोल घेतला आणि कॉम्प्युटरमागे वाकले.