चपलांची राखण

बारावी झाल्यावर मी काटेवाडीहून रोज एसटीनं लासुर्ण्याला जायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंग्रजीचं वेड नुकतंच गावोगाव शिरलं होतं. तिथल्या समाजमंदिरात मराठी आणि इंग्रजी अशी दोन भाषांची बालवाडी निघाली, आणि मी तिथली बिनपगारी बाई. "चालली लष्कराच्या भाकऱ्या भाजायला!" आई रोज म्हणायची. तिला कुठं ठाऊक, दारात पाऊल टाकलं की वीस पोरं पायांना मिठी मारायची! त्यापुढं पगार काय चीज?

त्यातलीच एक चार वर्षांची पोर. आजोबांची मेंढरं होती एकेकाळी. हाळी देण्याचा आवाज हिनं तिथूनच उचललेला. मी फळांचं गाणं शिकवत होते, एक ओळ मराठी, एक इंग्रजी. ही मधेच ओरडायची, "बाई, आमच्या आबानं पेरू लावला हुता, बकरीनं खाल्ला!" वर्ग खो खो हसायचा. मीही हसायचे.

पण बारामतीहून पाहुणे येणार कळलं आणि माझं हसू आटलं. वर्ग पुढं चालवायचा का, ते तेच ठरवणार होते. खरं सांगू? वर्गापेक्षा मला माझ्या शाबासकीची काळजी. हिनं मधेच बकरी आणली तर माझी शोभाच की! मी तिला बाजूला घेतलं. "आज तुला मोठं काम. दारात बसून पाहुण्यांच्या चपला राखायच्या."

"व्हय बाई!" नवा फ्रॉक सावरून ती पायरीवर बसली.

गाणं झकास झालं. टाळ्या पडल्या, मला नारळ मिळाला. बाहेर आले तर हिनं चपला जोडीजोडीनं लावलेल्या. "बाई, एक बी गेली न्हाय." मी तिला "शाबास" म्हटलं. जीभ कशी झडली नाही माझी!

दुसऱ्या दिवशी ती आत येईना. "मी आत आली तर चपला कोण राखंल?" ओढलं, समजावलं, बिस्कीट दिलं, ढिम्म हलली नाही. शेवटी मीच तिच्याशेजारी पायरीवर बसले. "बरं, ते फळांचं गाणं म्हणतेस?"

तिनं म्हटलं. मराठी, इंग्रजी, सगळं, एकही शब्द न चुकता. मधे बकरी आली नाही. पण इतक्या हळू, की मला कान द्यावा लागला.

"मोठ्यानं म्हण की गं."

"नगं बाई," ती दाराकडं बघत म्हणाली, "आत ऐकू जाईल."