झेंडूच्या हारातले ऊबयंत्र

सुज्ञ मित्रमंडळी, आज सकाळी सांगलीच्या एका रुग्णालयात मला एका यंत्रदेवतेचे दर्शन घडले.

माझे सासरे आप्पा जत भागातले वृद्ध मेंढपाळ. देह कृश, खुब्याचे हाड मोडलेले. भूलतज्ज्ञ बाईंनी कालच सांगितले होते, की भुलीखाली शरीराला स्वतःची उष्णता राखता येत नाही. म्हातारा माणूस गार पडला तर रक्तस्राव वाढतो, हृदयावर ताण येतो. म्हणून गरम हवेचे पांघरूण घालू.

प्रत्यक्षात शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी आप्पा पातळ चादरीखाली कुडकुडत होते. शेजारी ते गरम हवेचे यंत्र, कुंकुमचर्चित, खंडेनवमीचा वाळका झेंडू धारण करून, वायर गुंडाळून समाधिस्थ!

"हे लावा," मी तिथल्या ब्रदरना म्हणालो.

"आवं, पूजेपास्नं त्येला कुनी हात न्हाई लावला. आन् भूल दिल्यावर थंडी कुटं कळतीया?"

"आप्पांना कळणार नाही. त्यांच्या हृदयालाही भूल देणार आहात काय?"

तेवढ्यात आलेल्या भूलतज्ज्ञ बाईंनी कपाळाला हात लावला. निर्माल्य मीच उतरवले. यंत्र घुरघुरले, पांघरूण फुगले.

"जावईबापू," आप्पा पुटपुटले, "मेंढरांत निजल्यावानी वाटतंय बगा."

दुपारी ते बाहेर आले तेव्हा त्यांचा हात उबदार होता. धन्य ती संस्था, जिथे उपकरणाला नैवेद्य मिळतो, वीज मिळत नाही!

दाखल होताना खोलीत एसी आहे का, हे आपण सारेच विचारतो. शस्त्रक्रियागृहात ऊब आहे का, असे आपल्यापैकी कोणी कधी विचारले आहे?