सगुणाच्या म्हशी

दाराची कडी वाजली तेव्हा दानेश्वरीची भाकरी तव्यावर नुकती फुगायला लागली होती. तिचे यजमान रुद्रेश आत इष्टलिंगाच्या पूजेला बसलेले, म्हणजे आता घर कोसळलं तरी ते उठणार नव्हते. मधल्या खोलीत सगुणा शास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. काल सांजेला जे पान उघडलं होतं तेच अजून उघडं.

"बघ गं कोण आहे ते."

सगुणा हलली नाही. तिचं असं दोन-तीन दिवस चाललं होतं. दानेश्वरीनं गॅस बारीक केला, पिठाचे हात पदराला पुसले आणि कडी काढली.

दारात बनाबाई झोरे उभी होती. सगुणाची आई. राधानगरीच्या वरच्या रानात, धरणाच्या पाण्यापासून दोन डोंगर चढून गेलं की यांचा धनगरवाडा. आठ-दहा खोपटी आणि म्हशी. बनाबाई दर पंधरवड्याला खाली उतरायची, एसटीनं कोल्हापुरात येऊन ठरलेल्या घरांत तूप घालायची. आज तिच्या डोक्यावर तुपाचा डबा नव्हता. इतक्या वर्षांत ती रिकाम्या हातानं या दारात आलेली दानेश्वरीनं पाहिली नव्हती.

"आत या की बनाक्का."

"नगं वैनी. हितंच बरी हाय." ती पायरीवर टेकली. पायाला सुकलेला चिखल आणि काट्यांचे ओरखडे होते. "पोरगी हाय का आत?"

"आहे. गणिताचा पेपर परवा, शास्त्राचे त्यानंतर."

बनाबाईनं मान हलवली. ही पोरीला न्यायलाच आली आहे, दुसरं काय असणार.

दानेश्वरी मूळची गडहिंग्लजकडची. बी.ए. झाली, लग्न होऊन कोल्हापुरात आली आणि इतर बायकांसारखी पोळपाटाशी उभी राहिली. चौऱ्याण्णव साली धुणंवालीची पोर पाचवीतून शाळा सोडून घरी बसली, तिला दानेश्वरीनं दुपारचं माडीवर शिकवायला घेतलं. मग वडारवस्तीतली दोघं आली, वीटभट्टीवरची आली, हॉटेलात कपबशा विसळणारा एक आला. शाळेनं सोडलेली आणि शाळा सोडलेली. त्यांना बाहेरून दहावीला बसवायचं, पुढं कुणाला आयटीआयला, कुणाला शिवणकामाला, कुणाला नर्सिंगला चिकटवायचं. शेजारच्या आक्का गच्चीवरून विचारायच्या, "काय दानेश्वरी, कोंडवाड्यात आज किती जनावरं?" दानेश्वरी म्हणायची, "तुमची एक जागा राखून ठेवलीय आक्का, कधी येताय?"

त्या कोंडवाड्यात सगुणाला बनाबाईनंच आणून घातलं होतं. वाड्यावरच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग. तोही गुरुजी डोंगर चढून आले तर. पाचवीला धरणाकाठच्या गावात जायचं, वाटेत गवे. चौथीनंतर सगुणा म्हशीमागं गेली ती गेलीच. बाप रानात कड्यावरून पडून कमरेतून गेलेला, घोंगडीवर पडून असायचा. आई तुपाच्या पायी खाली-वर. म्हशी सगुणानंच वाढवल्या. सांजेला ती शिवेवरच्या दगडावर उभी राहून हाळी द्यायची, की चांदी नावाची थोरली म्हैस मान वर करायची आणि बाकीच्या तिच्यामागनं घरचा रस्ता धरायच्या.

"हिला म्हशीमागनं काढा," असं बनाबाई पहिल्या दिवशी म्हणाली होती. "मी जन्मभर श्येपट्याच बगितल्या. हिनं म्होरचं बगावं."

तीन वर्षं पोरगी इथं राहिली. सुरुवातीला वर्गात तोंड उघडायची नाही. दानेश्वरीनं मग घरचा टेपरेकॉर्डर माडीवर नेला, इंग्रजीचे धडे पोरांच्या आवाजात कॅसेटवर भरायला लागली. एकदा तूप घेऊन आलेल्या बनाबाईनं त्या पेटीतून आपल्या पोरीचं इंग्रजी ऐकलं. किती वेळ पदरात तोंड घालून हसत होती. निघताना तिनं पेटीवरून हात फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. सुट्टीत सगुणा घरी गेली, की सांजेची हाळी तिचीच. म्हशी तिला विसरल्या नव्हत्या.

परीक्षेआधी चार दिवस आईला भेटून येते म्हणून ती वर गेली आणि अडकली. वाड्यावर दोन म्हशी पटापट मेल्या. सगुणाचा चुलता आण्णा, वाड्याचा कारभारी; त्यानं देवीला कौल लावला आणि पाळणूक सांगितली. पाळणूक म्हणजे देवीनं शीव बांधली. कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही, जनावर तेवढं चरायला मोकळं. इकडं दानेश्वरी हॉल तिकीट घेऊन घरात येरझाऱ्या घालत होती. आणि पहिल्या पेपराच्या आदल्या दिवशी सगुणा एकटीच दारात उभी राहिली. कशी आलीस, तर म्हणाली, आयेनं धाडलं. बाकी काही बोलली नाही. पेपर देत राहिली. मग कोल्हापूरच्या बाजारात भेटलेल्या धरणाकाठच्या कुणीतरी तिला वाड्यावरचं काहीतरी सांगितलं, त्या दिवसापासून पुस्तकाचं पान उलटेना.

"काय झालं ते सांगा तरी," दानेश्वरी पायरीवर तिच्याशेजारी बसत म्हणाली.

"म्या शाणपणा केला वैनी." बनाबाई अंगणाकडं बघत बोलत होती. "पाळणूक माणसाला. म्हशीला न्हाय. म्हटलं, म्हशीमागनं गेल्यालं माणूस काय शीव वलांडत न्हाय, म्हस वलांडती. त्याला देवी काय म्हणील? म्हणून हिला म्हशीमागनं धाडली. म्हटलं, वड्याच्या पाण्यापतुर जा, म्हशी तितंच सोड, आन् गाडी धर."

"मग?"

"मग काय. आमच्यात म्हशीमागं गेल्यालं माणूस म्हशी घिऊनच परत येतंय. त्ये न्हाय ध्यानात आलं माज्या. सांजला म्हशी शिवेवर आल्या आन् हुब्या ऱ्हायल्या. हिची वाट बगत. म्या हाळी मारून मारून घसा फोडला. एक हलंना. रातीला वाघरानं चांदीचं रेडकू न्हेलं."

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सगुणा दारात येऊन उभी होती. पुस्तक खाली पडलं होतं, ते तिनं उचललं नाही.

"आण्णा म्हणतुया, बघा, देवीनं दावलं," बनाबाई पुढं म्हणाली. "आमाला भायेर काढलंय. पाण्यावर जाऊ देत न्हाईत, आमचं दूध कुणी आपल्यात घेत न्हाय. आता भायेरच्याला कसली शीव आन् कसली पाळणूक? म्हणून तर आले. पोरगी आणा म्हणतुया, देवीम्होरं डोस्कं टेकू दे, त्येच्या मेव्हण्याच्या पोराला द्या, मग आत घेतो."

"आणि म्हशी?"

"रोज सांजला तितंच. खुट्याला बांधल्यावाणी हुब्या. हाकलाय ग्येलं तर रानात शिरत्यात. परवा आनी एक ग्येली. हिचा बा पडल्या पडल्या कान लावून ऱ्हातो."

सगुणा बोलली, तीन दिवसांत पहिल्यांदा नीट. "मी जाते काकू. पेपर काय, पुढल्या साली बी येतोय. म्हस येत न्हाय."

पुढल्या साली म्हणून गेलेली पोरं दानेश्वरीला ठाऊक होती. वडारवस्तीतली हुशार पोर पुढल्या साली म्हणाली, ती कडेवर लेकरू घेऊन भाजी मंडईत दिसली. कोडोलीचा पोरगा पुढल्या साली म्हणाला, तो भट्टीवर काळाठिक्कर पडून ओळख न देता निघून गेला. हे या पोरीला सांगावं तर सांगायचं कुठल्या तोंडानं? हिच्या घरी खायला म्हशीशिवाय काय होतं? आतून रुद्रेशांच्या पूजेची घंटी वाजली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही.

"अव्वा गं," दानेश्वरी पुटपुटली. मग म्हणाली, "बनाक्का, तुम्हीच सांगा. न्यायला आलाय ना? मी अडवणार नाही. कुठल्या हक्कानं अडवू?"

बनाबाईनं पहिल्यांदा पोरीकडं बघितलं. सगुणानं आपली पिशवी केव्हाच भरून ठेवली होती, ती दाराआडून दिसत होती.

"त्ये गठुडं सोड," बनाबाई म्हणाली. "तुला न्ह्यायला कोण आलंय?"

"आये, म्हशी—"

"म्हशी माज्या हायत. तुज्या न्हाईत आता." तिनं दाराआडची पिशवी हातानं आत सारली. "त्या दगडावर आता तू पुना हुबी ऱ्हायलीस न्हवं, मग तितनं तुला कोण बी उतरवायचं न्हाय. मी बी न्हाय. ही वैनी बी न्हाय."

सगुणा चौकटीला धरून खाली बसली.

बनाबाई दानेश्वरीकडं वळली. हात जोडावेत की नाही हे तिला कळत नसल्यासारखे तिचे हात मांडीवर उघडे पडले होते.

"वैनी, ती तुमची पेटी हाय न्हवं, पोरांचं बोलणं भरायची? आमच्या शाळंच्या गुरुजींच्याकडं तसलीच सेलवरची हाय, मागून घिते म्या. म्हशी माजं ऐकत न्हाईत, हिचं तरी ऐकतील. सांजला मला शिवेवर पोचाय पायजे. तेवढी हिची हाळी क्यासेटीत भरून द्या."